सेहेचाळिसावा सभासद

"मला शोधून काढणारा शिपाई अजून जन्माला यायचाय, यॉस्टबाई," असं म्हणत बार्नबस क्रील तळघरातल्या कोबी आंबवायच्या पिंपात उतरला.

पिंप रिकामं होतं, पण अगदीच नाही. तळाशी आंबलेलं पाणी वीतभर उरलं होतं. ते बुटात शिरलं तशी त्याची बडबड थांबली. तो ज्यांच्याकडे मुक्कामाला होता त्या यॉस्टबाईंनी वर लाकडी झाकण ठेवलं आणि झाकणावर दगड, दरवर्षी कोबीवर ठेवायच्या तसाच.

राज्याच्या विधानसभेची मुदत त्या दिवशी सभागृहाच्या घड्याळात दुपारचे चार वाजले की संपत होती. सगळ्या राज्यांवर एक सरकार आणणाऱ्या नव्या राज्यघटनेला मान्यता द्यायला परिषद बोलवायची, हा ठराव शहरवाल्यांना त्याआधी काहीही करून मंजूर करून घ्यायचा होता. पण सभागृहात सेहेचाळीस डोकी भरल्याशिवाय मतच घेता येत नव्हतं, आणि त्यांची स्वतःची डोकी होती चव्वेचाळीस. डोंगराकडच्या सभासदांना मतदानात हरणार हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी यायचंच नाही असं ठरवलं. पहाटे सगळे नदीपार पसार झाले.

मागे राहिले दोघंच, क्रील आणि त्याचा दोस्त ॲमॉस डिल. विजय आदल्या संध्याकाळीच साजरा केल्यामुळे दोघांना पहाटे जाग आली नव्हती.

डिल दुपारी सापडला. शहरातल्या जमावाने त्याला पलंगावरून उचललं आणि एका पायात बूट, एक हातात अशा अवतारात सभागृहात नेऊन बसवलं. झाले पंचेचाळीस.

आता सगळं क्रीलवर होतं. तो शहराला निघाला त्या दिवशी अख्खं खोरं नदीच्या उतारावर जमलं होतं. लांबचं सरकार आलं की आपल्या दारूच्या भट्ट्यांवर कर बसवणार, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. परिषद बोलावली गेली तर तू शहरातच घर बांध, इकडे पाऊल टाकू नकोस, असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. त्याची बायको तिथंच उभी होती. तिने मान डोलावली.

तीनच्या सुमाराला विधानसभेचा मुख्य शिपाई लस्क दहा-बारा माणसं घेऊन यॉस्टबाईंच्या दारात आला. माणसांनी माळा पाहिला, गोठा पाहिला, बाईंच्या गाद्यांत काठ्या खुपसल्या. लस्क दमला होता. तो तळघरात आला, पिंपावरचा दगड उचलून खाली ठेवला आणि झाकणावर बसला.

पिंपाला बुचाचं भोक होतं. त्यातून क्रीलला लस्कचा एक पाय दिसत होता. झाकण कुरकुरलं. आंबूस वासाने क्रीलच्या नाकात मुंग्या आल्या होत्या आणि शिंक अगदी शेंड्याशी येऊन थांबली होती. त्याने नाक चिमटीत धरलं आणि मनात आकडे मोजायला घेतले.

"यात काय आहे?" लस्कने झाकणावर थाप मारली.

"कोबी," यॉस्टबाई म्हणाल्या.

"उघडून दाखवा."

"दाखवते की. सहा आठवडे झाकण उघडायचं नसतं. तुम्ही उघडा, माल नासला की आत्ताच्या आत्ता सगळा तुम्हीच खा. चमचा आणू का?"

लस्कने वास घेतला. मग उठला, कोट झटकला आणि माणसांना म्हणाला, "चला. इथं जिवंत असं काही नाही."

पावलं वर गेली. क्रील शिंकला, पण तोपर्यंत बाहेरचं दार आपटलं होतं.

नंतरचा वेळ संपता संपेना. पाय गारठले, पाठ वाकडी झाली. रस्त्यावर आरडाओरडा होई, जवळ येई, लांब जाई.

मग चर्चची घंटा वाजली. क्रीलने ठोके मोजले. एक, दोन, तीन, चार. पाचव्याची त्याने उगाच वाट पाहिली. नंतर झाकण डोक्याने वर ढकललं आणि गुडघ्यापर्यंत आंबट झालेला बाहेर आला.

यॉस्टबाई म्हणाल्या की घोडा मागच्या दाराशी तयार आहे, मुकाट्याने बसा आणि घर गाठा.

"अहो, मुदत संपली, आता कसलं भ्यायचं?" क्रील म्हणाला. "एकदा त्यांची तोंडं बघून येतो. उभा जन्म पुरेल मला."

तो भर रस्त्यातून निघाला. दुपारी ज्यांनी डिलला फरफटत नेलं होतं तीच माणसं नाकाला रुमाल लावून बाजूला होत होती. क्रीलने त्यांना हॅट काढून नमस्कार केला.

सभागृहाचं दार सताड उघडं होतं. आत सगळे आपापल्या जागी बसून होते, कुणी हलत नव्हतं. मयताच्या घरी बसतात तसे, क्रीलला वाटलं. ॲमॉस डिल दोन धिप्पाड सभासदांच्या मधे चेपून बसला होता आणि जोरजोरात मान हलवत होता. बिचाऱ्याला आनंद आवरत नाहीये, क्रीलच्या मनात आलं.

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने घसा खाकरून नाव पुकारलं, "बार्नबस क्रील."

क्रील मधोमध जाऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"हजर," तो म्हणाला. "घ्या, डोळे भरून बघून घ्या."

कारकुनाने लिहून घेतलं. मागे लस्कने दाराला अडसर घातला.

समोरच्या भिंतीला शिडी लावलेली होती. शिडीवर एक म्हातारा शिपाई सभागृहाच्या घड्याळाचा लंबक दोन बोटांत धरून उभा होता, आणि घड्याळात चार वाजायला अजून दहा मिनिटं होती.