घरपोच तक्रार

"या पुस्तकातली बाई फार रडते," आजी म्हणाल्या. "लिही."

पुस्तकवालीने लिहिलं. पिशवी घेऊन तीन मजले चढल्याने तिच्या पोटऱ्यांना गोळे आले होते. आजींचं घर दिवसातलं शेवटचं. वाचनालयाची घरपोच सेवा म्हणजे ती एकटीच: ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांच्यासाठी तिने जिने चढायचे.

"आणि मधल्या पानांना कुणाच्या तरी औषधाचा वास येतोय."

"वास कसा लिहू, आजी?"

"येतो तसा लिही."

अभिप्राय घ्यायचा नियम वाचनालयाच्या कार्यवाहांचा. कुठल्याशा शिबिराला गेले आणि परत आले ते गुडघ्याला बाशिंग बांधूनच. वाचक समाधानी असेल तर कागदावरच्या चौकोनात खूण करायची, पुस्तक बदलून द्यायचं आणि निघायचं. समाधानी नसेल तर बसायचं, तक्रार त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायची आणि त्याला वाचून दाखवायची. बाकीचे वाचक बिचारे दारातच समाधानी व्हायचे. आजींचं समाधान करणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. एका पुस्तकात खुनी पहिल्याच प्रकरणात ओळखू आला. प्रवासवर्णनातला माणूस गावोगाव नुसता जेवत सुटला होता. चरित्र इतकं जाड होतं की पोटावर ठेवलं तर धाप लागायची, आणि आजींना पडूनच वाचावं लागायचं.

"पुढे लिही. शेवट..."

पुस्तकवालीने पेन खाली ठेवलं. "आजी, आज जरा माझं ऐका. समितीची बैठक झाली. ज्यांच्या सारख्या तक्रारी येतात त्यांची घरपोच सेवा बंद करायचं म्हणतायत. पुढच्या महिन्यापासून. तुमचं नाव सगळ्यात वर आहे."

"तक्रारी केल्या म्हणून?"

"ज्यांना काहीच आवडत नाही त्यांच्यावर वेळ कशाला घालवायचा, म्हणतात. मला नवीन घरंही दिलीत."

"हुशार आहेत," आजी म्हणाल्या. "दुखणं बरं होईना, तर दुखणाईतच काढून टाका."

"तुम्हाला गंमत वाटतेय. मी तिथे तुमच्यासाठी भांडून आलेय." तिचा आवाज चढला. दिवसभर तो तिने खाली धरून ठेवला होता. "एकदा समाधानी म्हणा ना. एवढीशी खूण करायची आहे. तुमचं काय जातं?"

"तू जातेस," आजी म्हणाल्या.

"म्हणजे काय?" पुस्तकवालीने विचारलं.

"सुरुवातीला म्हणाले होते की मी, छान आहे म्हणून. तू चपलासुद्धा काढल्या नव्हत्यास. मग एकदा पान फाटकं निघालं, ते सांगितलं, तर ही खुर्ची ओढून बसलीस. माझंच बोलणं मला वाचून दाखवलंस. वर विचारलंस, बरोबर उतरलंय ना?" आजींनी पांघरूण उगाचच सारखं केलं. "आमच्याकडे काही सांगितलं की 'हो आई' एवढं येतं. तेही आतल्या खोलीतून."

"म्हणजे ती पुस्तकं..."

"सगळी चांगली होती. रडणारी तर फारच. दोनदा वाचली मी."

पुस्तकवालीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढे दिवस आपण कार्यवाहांची बोलणी खाल्ली ती कशापायी? घरी स्वयंपाक तसाच पडला होता, सासऱ्यांच्या गोळ्या आणायच्या होत्या. तिची तक्रार उतरवून घ्यायला कोण खुर्ची ओढून बसणार होतं? पण राग फार वेळ टिकेना. रागालाही अंगात जोर लागतो.

"तुम्ही समाधानी म्हणा," ती म्हणाली. "तरी मी थांबत जाईन थोडी."

"नवीन घरं दिलीत ना तुला?"

"दिलीत."

"एकटीलाच?"

तिने मान डोलावली.

"मग कशाला कबूल होतेस? पहिल्या आठवड्याला थांबशील. दुसऱ्या आठवड्याला दारातूनच म्हणशील, आजी, आज घाई आहे हं. मग मी जिन्याकडे कान लावून बसायचं." आजींच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब कळलेल्या माणसासारख्या त्या बोलत होत्या. "आणि नाही म्हटलं खूण करायला, तर पुढच्या महिन्यापासून पुस्तकही नाही आणि तूही नाहीस."

"हो."

आत कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"दारातून का होईना, दिसशील तरी," आजी म्हणाल्या. "कर खूण."

पुस्तकवालीने लिहिलेल्या तक्रारीचा कागद बाजूला केला, कोरा घेतला आणि चौकोनात खूण केली. पेन पिशवीत टाकलं. नवं पुस्तक आजींच्या हातात दिलं. नियमाप्रमाणे काम संपलं होतं. पण तिला उठवेना. पोटऱ्या दुखतायत म्हणून बसलोय, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. तक्रारीशिवाय त्या दोघी कधी बोलल्याच नव्हत्या.

आजींनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्यासारखं केलं. मग तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "ऊठ आता. समाधानी माणसाजवळ एवढा वेळ कुणी बसत नाही."