ठेका

"बसायला आलो नाही मी," मास्तर म्हणाले आणि खोलीतली एकमेव धड खुर्ची ओढून बसले.

त्यांची बायको दाराशीच उभी राहिली. कडूनं तिच्यासाठी स्टूल पुसून पुढे केलं. कडू हे त्याचं गाण्यातलं नाव. तो रॅप करायचा, आणि त्याचं एक गाणं सध्या शहरातल्या प्रत्येक पोराच्या कानात होतं. मास्तरांच्या मुलाच्याही होतं. मुलानं जीव दिला तेव्हाही तेच वाजत होतं.

मास्तर गाडी शिकवायचे. शेजारच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर अंगठी आपटली, की शिकणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. त्यांच्या हाताखाली न रडता कुणी पास झालेलं नव्हतं, आणि हे ते स्वतःच कौतुकानं सांगत. पोटचा मुलगा तेवढा गाडी शिकला नाही. कानात गाणी खुपसून खोलीत बसायचा.

"राजे, मान वर करा," मास्तर म्हणाले. "ते वाक्य म्हणून दाखवा. माझ्या तोंडावर."

कडू टेबलावरची वायर गुंडाळत राहिला.

"लाज वाटते? हजारो लोकांपुढे ओरडताना नाही वाटली?"

वाक्य सगळ्यांनाच पाठ होतं. गाण्यात मधूनमधून ठेका थांबायचा आणि एक जाड, घोगरा, पिंपातून आल्यासारखा आवाज विचारायचा, 'तू जन्मलाच नसतास, तर काय बिघडलं असतं?' कार्यक्रमात पोरं ते खिदळत ओरडायची. कुणीतरी त्याचे टी-शर्टसुद्धा काढले होते.

"पोरं बिघडवता तुम्ही लोक," मास्तर म्हणाले.

"माझ्याकडे येतात ती आधीच मोडलेली असतात, काका."

"वा! चोराच्या उलट्या बोंबा!"

"पण सुटका नाही माझी," कडू खालमानेनं म्हणाला. "ते वाक्य त्याला विसरायचं होतं. मी ते रोज त्याच्या कानात वाजत ठेवलं. मला वाटलं, सगळे मिळून ओरडले की त्याची भीती जाईल. हसण्यावारी जाईल. मूर्ख होतो मी."

"तू त्याला ओळखायचास?" बायकोनं विचारलं.

"यायचा इथे. तुम्ही बसलाय ना काकू, त्याच स्टुलावर बसायचा."

तिनं दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली.

"गाण्याच्या सुरुवातीला ती टकटक कशाची रे?" तिनं विचारलं.

"लोक आपल्या घरातले आवाज पाठवतात. दार, नळ, शिलाईचं मशीन. त्यातून मी ठेका करतो."

"आणि ही?"

"अगं, पोर गेलंय आपलं आणि तुला टकटकीचं पडलंय?" मास्तर कडाडले. "अक्कल गहाण टाकलीस का?"

ती गप्प झाली. लग्न झाल्यापासून या प्रश्नावर ती गप्पच होत आली होती. नजर मात्र तिनं नवऱ्याच्या हातावरून हलवली नाही.

मास्तरांनी खुर्ची पुढे घेतली. त्यांना पैसा नको होता, माफी नको होती. माफी काय, बाजारात किलोनं मिळते. त्यांना गुन्हेगार हवा होता. घरात आल्यागेल्यानं विचारलं, 'असं कसं हो झालं?', तर बोट दाखवायला एक माणूस हवा होता. लोकांची ती नजर त्यांच्याच्यानं सोसवत नव्हती.

"माइक सुरू कर," ते म्हणाले. "मी सांगतो तसं बोल. आणि आजच सगळीकडे टाक."

कडूनं माइक जवळ ओढला.

"म्हण, हे वाक्य ज्याच्या तोंडून निघालं, त्यानंच या मुलाचा जीव घेतला."

कडूचा चेहरा उतरला. "काका, एवढं नको. गाणं माझं आहे, मी काढून टाकतो. सगळा दोष माझा, असंच म्हणतो ना. कुणाच्या तोंडून निघालं ते राहू द्या."

"शब्द मी सांगेन ते!" मास्तरांनी टेबलावर अंगठी आपटली. टक, टक, टक. "पळवाट नको."

"एकदा बाहेर गेलं की परत घेता येणार नाही, काका."

"माझा मुलगा येणार आहे का परत?"

कडूनं डोळे मिटले आणि जसंच्या तसं वाक्य माइकमध्ये म्हटलं. शेवटी मास्तरांनी त्याच्याकडून 'त्या माणसाला कधीच क्षमा नाही' हेही म्हणवून घेतलं. मग त्याला बटण दाबायला लावून ते सगळीकडे पाठवलं आणि गेल्याचं स्वतः डोळ्यांनी पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते उठले.

"चल गं."

बायको उठली नाही.

"तो आवाज तू मुद्दाम जाड केलास ना?" तिनं कडूला विचारलं. "पाठवणाऱ्यानं तसं सांगितलं होतं?"

"ओळखू येऊ देऊ नकोस म्हणाला होता."

"मूळचा आहे तुझ्याकडे?"

"काकू, नको."

"वाजव."

"काय चाललंय तुमचं?" मास्तर दारातून ओरडले. "कसला मूळचा?"

कडूनं बटण दाबलं. आधी भांडं सरकल्याचा आवाज आला. मग टक, टक, टक. मग, "राजे, तू जन्मलाच नसतास, तर काय बिघडलं असतं?" आणि त्याच्या मागून, अगदी हळू, एका बाईचा आवाज आला, "अहो, जेवू तरी द्या त्याला."