डब्बू उशिरा आला

डब्बू शेवटी आला. दुपारी पट्टा तोडून पळाला होता, तो दीड तासाने पोटापर्यंत नालीचा चिखल माखून आणि शेपूट पायांत घालून फाटकापाशी उभा राहिला. आत यायची काही हिंमत होईना.

धम्मानंद हिंगण्याच्या कारखान्यात पहिली पाळी करून नुकताच घरी आला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. दहा वर्षांच्या मायाचं रडून सुजलेलं तोंड पाहिलं आणि त्याचं डोकं सणकलं. या नालायकापायी पोरगी भर उन्हात सगळी वस्ती पालथी घालून आली होती. त्याने कोपऱ्यातली काठी उचलली.

माया मध्ये आली. फाटकाशी उकिडवी बसली, डब्बूच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाली, "शाब्बास. आला न तू." वर खिशातला टोस्ट काढून त्याला चारला.

"काहून वं? मार खायचं काम केलं त्यानं, अन् तू टोस्ट चारून राहिली?"

"आता मारलं तर त्याले काय वाटन, बाबा? पळाला म्हणून मारलं, हे नाही समजत त्याले. घरी आला म्हणून मारलं, असं वाटते."

"कोणी शिकवलं तुले हे?"

"त्यानंच. मागच्या महिन्यात असाच पळाला होता. आल्या-आल्या दोन रपाटे दिले मी. मंग चार दिवस आत आलाच नाही. समोरच्या भिंतीपाशी बसून घराकडे पाहत राहे, अन् मी जवळ गेली का उठून जाये."

"मंग कसा आला?"

"मीच बाहेर जाऊन बसली रोज."

धम्मानंद पायरीवर बसला. थोरली प्रीती पुण्याला शिकायची. गेल्या वर्षी शेवटच्या परीक्षेत नापास होऊन ती याच फाटकात येऊन उभी राहिली होती. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. "कोणतं तोंड घेऊन आली?" तो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पोरगी परत गेली. पुन्हा पेपर दिला, पास झाली, तिकडेच नोकरीला लागली. हे सगळं त्याला बायकोकडून कळलं. चौदा एप्रिलला ती आली नाही, दसऱ्याला सगळे दीक्षाभूमीवर गेले तेव्हाही नाही. आईला मात्र रोज फोन करायची, आणि तेवढ्या वेळात या बापमाणसाला नेमकी तहान लागायची. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून तो दोन-दोन गिलास पाणी प्यायचा, फोनमधून तिचा आवाज बाहेर येतो का ते ऐकत. जीव तुटायचा त्याचा. पण फोन माझ्याकडे दे, असं काही तोंडातून निघत नव्हतं.

माया डब्बूला धुवायला नळावर घेऊन गेली. धम्मानंदने मोबाइल काढला आणि फार विचार न करता प्रीतीला लावला.

तिने लगेच उचलला. तो काही बोलायच्या आतच तिकडून तिचा बारीक आवाज आला,

"बाबा... आता काय चुकलं माह्यं?"