ढमीच्या सहा गाठी

“बरगड्यांवर दोन, छातीखाली एक, पाठीवर एक, खांद्यावर एक आणि ही मानेखालची. सहा.” बाबांचा हात कुत्रीच्या अंगावरून शेपटीपर्यंत फिरला आणि थांबला. “होत्या तेवढ्याच, होत्या तशाच. चरबी आहे काकू. ढमी तुमच्यासारखीच खात्यापित्या घरची.”

“माझ्या चरबीवर घसरू नका हं डॉक्टर,” शिलाईवाल्या काकू म्हणाल्या. पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मुलं लांब गेली, नवरा वारला, घरात ढमी तेवढी उरली. दर दोन महिन्यांनी त्या तिला इथे आणत, ते हे एक वाक्य ऐकायला.

डॉक्टरांना हातगुण आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यांच्या लेकीला या शब्दाचा वीट आला होता. नवी पदवी घेऊन ती बाबांच्याच दवाखान्यात लागली होती. प्रत्येक गाठीत सुई घालावी, निघालेल्या पेशी काचेवर घेऊन बघाव्यात, असं ती शिकली होती. “सुईला काय कळतंय? बोटांना विचार,” बाबा म्हणायचे, तेही चारचौघांत.

“मी मापं तरी घेऊन ठेवते,” ती म्हणाली.

“घे, घे. काकू, झगाच शिवा आता ढमीला. मापं आयती मिळतायत!”

काकू हसल्या. ती हसली नाही. डोक्याकडून सुरुवात करून, दोन्ही हातांनी केस बाजूला सारत ती सावकाश मागे सरकत गेली. बरगड्यांवरच्या दोन्ही लिंबाएवढ्या, मऊ. खांद्यावरची ढकलली की कातडीखाली सटकत होती. तिचीही मोजणी सहाच भरली. म्हणजे बाबांचंच खरं. ती पट्टी ठेवणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की मानेखाली तिला काही लागलंच नव्हतं. तिने पुन्हा चाचपलं. कातडी सपाट होती. केसांच्या आड एक बारीक व्रण होता.

“काकू, मानेखालची कुठाय?”

“ती होय? ती फुटली की मागच्याच महिन्यात! पांढरं पांढरं निघालं. मी आपली कोमट पाण्याने पुसत राहिले, बसली.” बोलता बोलता काकू बाबांकडे वळल्या. “पण आत्ता तुम्ही मोजलीत ना ती?”

बाबा हात धूत होते. त्यांनी मान वळवली नाही. पाणी नुसतंच वाहत राहिलं.

मग तिची सहावी कुठली? ती मागच्या डाव्या मांडीवर होती. हरभऱ्याएवढी, आठ मिलिमीटर. कडक, कातडीला घट्ट धरलेली, वरून लालसर. बोट लागताच ढमीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बाबांचा तळहात याच मांडीवरून गेलेला तिने आत्ताच पाहिला होता.

“ही कधीपासून आहे, काकू?”

“ती उन्हाळ्यापासून आहे. मी काही बोलले नाही. डॉक्टरांचा हात फिरला म्हणजे झालं की. तसं काही असतं, तर तेच बोलले असते.”

तिने सुई घातली. जांघेतली ग्रंथी सुजलेली लागली, तिच्यातूनही थोडं काढलं. काचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. दोन्हीकडे त्याच पेशी होत्या, जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या. चरबीचा मागमूस नव्हता.

कर्करोग हा शब्द तिने शक्य तितका सावकाश उच्चारला. गाठ काढता येईल, पण तो आत पसरलाय, हेही सांगितलं. काकूंनी ढमीच्या गळ्यातला पट्टा उगाच सैल केला, पुन्हा आवळला.

“आणि उन्हाळ्यातच काढली असती तर?”

उत्तर बाबांनी दिलं.

“बहुतेक वाचली असती.”

काकू ढमीला उचलून घेऊन गेल्या. एरवी ती चालत जायची.

दार लागलं. तिच्याकडे भांडण तयार होतं. हट्ट, तोरा, रोजची ती टिंगल, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. ती वळली. बाबा डगल्याची बटणं काढत होते. हनुवटी छातीला टेकवून, एकेका बटणाकडे डोळे लावून, पहिल्यांदाच शाळेचा सदरा उतरवणाऱ्या पोरासारखे. तिसरं बटण दोनदा निसटलं.

“बाबा, कधीपासून?”

“साखर वाढली तेव्हापासून. आधी बोटांची टोकं बधिर झाली. वाटलं, जाईल.” ते खुर्चीत बसले. “जुन्या गाठी मला पाठ आहेत. सगळ्यांच्या. नवी कुणी दाखवली, तर डोळ्यांनी बघतो. न दाखवलेली…” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

“आणि मला सुईवरून बोलायचात!”

“सुई घातली असती, तर माझ्या बोटांचं सगळं उघडं पडलं असतं.”

तिने टेबलावरची कागदाची क्लिप सरळ केली आणि वाकवून तिची दोन टोकं शेजारी आणली. “डोळे मिटा. एक टोक लागलं तर एक म्हणा, दोन लागली तर दोन.” निरोगी बोटाला तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगवेगळी कळतात. बाबांनी उजवा हात पुढे केला, तर्जनी ताठ धरली.

तिने तीनपासून सुरुवात केली.

“एक.”

पाच. “एक.”

आठ. बाबांनी भुवया आवळल्या, बोट थोडं पुढे रेटलं. “एक.”

बारा. “एकच आहे.”

पंधरा मिलिमीटरला टोकं बोटाच्या दोन्ही कडांना पोचली. बाबा म्हणाले, “एक.”