सदुसष्ट चिंचोके

केरबाने चिंचोके पुन्हा मोजले. सदुसष्टच भरले. दर फटक्याला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात, ही त्याची गोल्फ क्लबात साहेबांच्या पिशव्या उचलायचा तेव्हापासूनची सवय. म्हणजे सगळ्यांत कमी फटके त्याचेच; एका फटक्याने स्पर्धा त्यानेच जिंकली होती.

पण नियमाप्रमाणे त्याचे फटके लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूने त्याच्या कार्डावर एका ठिकाणी चाराऐवजी सहा लिहिले होते आणि केरबाने खाली सही ठोकली होती.

“सही केलेला आकडाच धरतात,” सेक्रेटरी म्हणाले. “तुला वाचता येत नसेल तर तसं सांग, केरबा. कमिटी विचार करील.”

केरबाला सहीपुरतीच अक्षरं येत होती. दोरीपलीकडे त्याची सातवी पास बायको अनसूया ऐकत उभी होती. लग्नाला वर्ष झालं होतं. रोज सकाळी ती चहाबरोबर पेपर द्यायची आणि तो तासभर त्यात डोकं घालून बसायचा.

“वाचलं होतं,” तो म्हणाला. “नजरचूक झाली.”

चषक दुसऱ्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूयाने चहा दिला, समोर बसली आणि पेपर उघडून स्वतःच मोठ्यानं वाचायला लागली.