बिजागरीची हाक

शाहूपुरीतल्या गॅरेजात निसार मिस्त्रीनं हंबीररावांच्या जुन्या अमेरिकन गाडीचं बॉनेट उचललं. बिजागरीला नव्या पिना, ताजा काळा रंग, भरपूर ग्रीस. जरासुद्धा करकर नाही.

हंबीररावांचा चेहरा पडला. "आवाज कुटं घालवलास मर्दा? माझी बायकू बया गेली तवापास्नं ही बिजागरीच मला 'आवं' म्हणत हुती. अगदी बयावानी."

निसारनं भंगारातून त्याच झिजलेल्या पिना शोधल्या, परत बसवल्या आणि बॉनेट पुन्हा उचललं.

"हंबीरराव," बिजागरी म्हणाली. आवाज बयाबाईचाच होता.

हंबीररावांचे डोळे भरून आले. पुढं केलेला हात मात्र त्यांनी मागं घेतला.

"निसार, बयानं उभ्या जल्मात माझं नाव घेतलं न्हाय की रं."

बॉनेटला आता कुणाचाच हात नव्हता. बिजागरीनं पुन्हा हाक मारली.