नाकाचा निकाल

"माणूस खोटं बोलेल, फ्रिज खोटं बोलेल, सरकारी कागद तर बोलेलच. पण हे नाक आजवर खोटं बोललेलं नाही!" असं भर स्वयंपाकघरात जाहीर करून नाकशेठ पातेल्यावर वाकले.

हे अगदी खरं होतं. मागच्या त्या लांबलेल्या तापापासून नाक काहीच बोलत नव्हतं.

ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्यांच्या डब्यांची ख्याती एकाच गोष्टीवर उभी होती: शेठनी हुंगल्याशिवाय इथून डबा हलत नाही. नाक गेल्याचं बाहेर कळलं असतं, तर मागे उरला असता एप्रन घातलेला एक जाडा माणूस.

म्हणून त्यांनी उपाय काढला होता. पातेल्यावर वाकायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि उरलेल्या अर्ध्या डोळ्यांनी समोर उभ्या असलेल्या धाकट्या भावाचा चेहरा वाचायचा. भावाचं नाक तरणंताठं होतं. त्याची भुवई जरा हलली असती, तरी शेठनी माल फेकून दिला असता. ती कधी हलली नव्हती, म्हणजे माल कायम उत्तमच होता.

आज पातेल्यात कालचं चिकन होतं. रात्रभर वीज नव्हती. सकाळी फ्रिजलाच घाम फुटलेला होता. आणि वृद्धाश्रमाचं दुपारचं जेवण पाठवायची वेळ होत आली होती.

"दादा," भाऊ हळूच म्हणाला, "अन्नसुरक्षेच्या त्या प्रशिक्षणात सांगितलंय, रात्रभर फ्रिज बंद राहिला तर वास बघत बसायचं नाही, सरळ फेकायचं. वास न येताही बिघडलेलं असतं म्हणे."

"प्रशिक्षणात चहाबरोबर बिस्किटं दिली होती ना? कशी होती?"

"मऊ पडलेली."

"आणि हे आपल्याला शिकवणार!"

सगळं स्वयंपाकघर हसलं. भाऊही हसला. शेठनी लांब श्वास घेतला आणि अर्ध्या डोळ्यांनी समोर पाहिलं. भावाचा चेहरा दगडासारखा स्थिर होता.

"फर्स्ट क्लास," शेठ म्हणाले. "उकळी काढा आणि भरा."

अंधार पडेपर्यंत वृद्धाश्रमातले निम्मे लोक रुग्णालयात होते. सकाळी त्यांतले एक आजोबा गेले. डब्यांची गाडी आली की काठी टेकत सगळ्यांच्या आधी फाटकात येणारे.

त्यांच्या पत्नी, आजी, रुग्णालयाच्या वॉर्डातच होत्या, हाताला सलाईन लावून. शेठ त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसले. पाठीमागे भाऊ उभा राहिला. येताना वाटेत शेठनी विजेच्या खात्यावर एक कडक भाषण जुळवलं होतं. ते आजींना पाहून आटलं.

"आजी, मला वासच येत नाही," ते म्हणाले. "तापात नाक गेलं ते परत आलंच नाही. मी नुसता वाकायचो. तुमच्या माणसाला मी मारलं."

आजींनी नजर छताकडे वळवली.

"ह्यांना आला होता वास," त्या म्हणाल्या. "पहिल्याच घासाला. मलाही आला. हे म्हणाले, नाकशेठनी पाहून पाठवलंय, म्हणजे आपलीच नाकं म्हातारी झाली. आणि जेवले. माझ्या ताटातलंही थोडं घेतलं, मला जाईना म्हणून."

शेठनी मान वळवून भावाकडे पाहिलं. "तुला?"

भावाने मान खाली घातली.

"आला होता, दादा. झाकण काढल्याबरोबर."

"मग तोंड का नाही वाकडं केलंस? एवढंसं! मी तुझ्याच तोंडाकडे बघत होतो रे!"

"तुझ्यासमोर?" भाऊ रडकुंडीला आला. "एकदा मी नाक मुरडलं, तर सगळ्यांदेखत तू मला परातीने हाणलं होतंस. तेव्हापासून तू हुंगायला लागलास की मी श्वासच धरून ठेवतो."

वॉर्डात कुणीतरी कण्हलं. शेठ उठले. हात जोडावेत की आजींचे पाय धरावेत हे न कळून ते दोन खाटांच्या मध्ये नुसतेच उभे राहिले.

"शेठ," आजी म्हणाल्या, "उठलाच आहात, तर तेवढी खिडकी उघडा. फार वास मारतोय इथे."